बिघाडाच्या मागावर

ज्या बिघाडासाठी 'पिंग' लिहिला गेला, त्याच्या कामी तो आलाच नाही. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत नेटवर्क विचित्र वागू लागलं होतं. माइक म्यूसनं एका संध्याकाळी बसून सुमारे हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला. समोरच्या यंत्राला छोटंसं पॅकेट पाठवायचं, ते जसंच्या तसं परत येतं का आणि किती वेळात, एवढंच बघायचं. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारचीच ही रीत. नावही त्याच्याच आवाजावरून घेतलं. असा प्रतिध्वनी मागायची सोय इंटरनेटच्या १९८१ सालापासूनच्या नियमांत होती, आणि तिचा असा वापर करण्याची कल्पना डेव्ह मिल्स यांच्या बोलण्यातून म्यूसला सुचली होती. प्रोग्राम चालण्याजोगा होईस्तोवर मूळ दोष कुणीतरी दुरुस्तही केला होता! तरी आज कुठल्याही ऑफिसात नेट अडलं की पहिला सल्ला मिळतो तो 'पिंग मारून बघ' हाच.

खरा हाहाकार पुढे झाला. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्डांचं. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. पानभर मजकूर कागदावर घेऊन चालत निघालेला माणूस आधी पोचला असता.

व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी या प्रकरणाचा छडा लावला. तारेत दोष नव्हता, दोष होता यंत्रांच्या घाईत. गर्दीमुळे पॅकेट अडकलं की पाठवणारं यंत्र ते हरवलं असं धरून पुन्हा पाठवी, आणि त्यानं गर्दी आणखी वाढे. जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचे उपाय मांडले. बेताबेतानं पाठवायला सुरुवात करायची आणि पॅकेटं हरवू लागली की हात आखडायचा, हे त्यांचं सूत्र.

लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतच, पॅकेटांची ने-आण ठरवणाऱ्या 'टीसीपी' या नियमसंचाच्या अभ्यासासाठी 'टीसीपीडंप' तयार झाला. तारेवरून जाणारं एकेक पॅकेट तो वाचता येईल अशा ओळीत छापून दाखवी. 'ट्रेसरूट'ही जेकबसन यांचाच, आणि चतुराईत तो या सगळ्यांच्या वरचढ. पॅकेटं जाळ्यात गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून प्रत्येकाला ठरावीक टप्प्यांचं आयुष्य दिलेलं असतं. ते संपलं की त्या ठिकाणचा राउटर पाठवणाऱ्याला तसं कळवतो. जेकबसन यांनी मुद्दाम एका टप्प्याचं, मग दोनचं, मग तीनचं आयुष्य देऊन पॅकेटं सोडली. वाटेतला एकेक राउटर आपणहून पत्ता सांगू लागला.

बाजारातही अशी साधनं होती. 'नेटवर्क जनरल' कंपनी १९८६ पासून 'स्निफर' विकत होती, पण ते महागडं. कॅन्सस सिटीत एका छोट्या इंटरनेट कंपनीत काम करणाऱ्या जेराल्ड कोम्ब्स यांनी मग स्वतःच पॅकेट तपासणारा प्रोग्राम लिहायला घेतला आणि १९९८ मध्ये 'इथीरियल' या नावानं सर्वांसाठी खुला केला. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली. नावाचा ट्रेडमार्क जुन्या मालकाकडे राहिला, कोड मात्र खुला असल्यानं सोबत नेता आला. तेव्हापासून तो 'वायरशार्क' म्हणून ओळखला जातो, आणि पॅकेट पकडायला आजही टीसीपीडंपसाठी बर्कलीत लिहिलेल्या 'लिबपीकॅप'चीच पद्धत वापरतो.