दुखतं ते नक्की काय?

ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. उजव्या कानाच्या वर, कवटीच्या आत, लिंबाएवढी गाठ होती. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूवरच्या आवरणाची गाठ. कॅन्सर नव्हे (हे आईला रोज एकदा सांगावं लागायचं). गाठ निघाली, पण डोकं मात्र आधीपेक्षा जास्त ठणकायला लागलं. पहाटे चारला उजव्या डोळ्यामागे अशी कळ यायची की मनात एकच विचार: परत आली वाटतं.

मी कुणाला बोललो नाही. घरच्यांनी आधीच पुरेसं भोगलं होतं. शेवटी भाकरी न चावता बाजूला सारताना बायकोने पकडलं आणि तशीच सर्जनसमोर नेऊन बसवलं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "अहो, मेंदूला दुखतच नाही!"

च्यायला, मग दुखतं ते काय?

इंजिनियर माणूस, रूट कॉज मिळाल्याशिवाय झोप कशी लागणार? (तशीही लागत नव्हतीच.) शोधता शोधता न्यूयॉर्कला पोचलो. १९४० साली ब्रॉन्सन रे हे सर्जन आणि हॅरॉल्ड वुल्फ हे न्यूरॉलॉजिस्ट यांनी एक निबंध छापला. वुल्फना स्वतःला मायग्रेन होता, त्यामुळे प्रश्न घरचाच. त्या काळी डोक्याची ऑपरेशनं पुष्कळदा फक्त कातडी बधिर करून होत. पेशंट जागा! हंगेरियन लेखक फ्रिजेश करिंथी १९३६ मध्ये स्टॉकहोमला असाच जागेपणी टेबलावर होता, आणि कवटीला भोक पाडणाऱ्या ड्रिलचा आवाज ऐकून त्याने पुढे त्यावर पुस्तक लिहिलं.

रे आणि वुल्फ यांनी अशा ३० जणांच्या डोक्यात एकेक जागा हळूच दाबली, ताणली, विजेचा सौम्य झटका दिला आणि विचारलं, कुठे दुखतंय? चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर डीबगिंग म्हणा ना. मेंदूच्या गाभ्याला हात लावला तर काहीच नाही. दुखत होतं ते कातडी, बाहेरचे स्नायू, आवरणातल्या धमन्या, मोठ्या शिरा आणि कवटीच्या तळाकडचं आवरण. त्याहून भारी गोष्ट म्हणजे दुखणं जिथे ताण तिथेच जाणवत नव्हतं. मोठ्या मेंदूच्या बाजूला ताण पडला तर कळ कपाळात, कानशिलात, डोळ्यामागे. लहान मेंदूकडे पडला तर डोक्याच्या मागे नि मानेत. कारण दोन्हीकडच्या नसा वेगळ्या.

हे वाचलं तेव्हा खरंच उठून बसलो. माझा डोळा ठीकच होता. तक्रार शिवलेल्या आवरणाची होती, पत्ता डोळ्याचा लागत होता.

भाकरीचं कोडंही सुटलं. चावायचा एक स्नायू कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. माझ्या जागी पोचायला तो सोडवून परत शिवावा लागतो. मग घास चावला की डोकं दुखणारच.

राहिली सूज. १९५० च्या दशकात ती उतरवायला शिरेतून युरिया देऊ लागले. हो, शेतात टाकतात तोच रेणू. मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतो. १९६१ मध्ये मिनेसोटाचे जोसेफ गॅलिसिच आणि लाइल फ्रेंच यांनी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वापरून दाखवलं आणि चित्र पालटलं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलेलं तेच औषध. ते एकदम बंद करता येत नाही, पायरीपायरीने उतरवतात. माझी एक्सेल शीट बघितली तर डोस उतरला की पुढचे दोन दिवस दुखणं वर! सर्जनना दाखवली. त्यांनी पुढची पायरी चार दिवस लांबवली, वेदनाशामक गोळ्या मोजून घ्यायला सांगितल्या (रोज घेतल्या तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं) आणि बजावलं की उलटी, ताप, गुंगी किंवा टाक्यातून पाणी आलं तर वेळ न बघता यायचं.

आता नववा आठवडा आहे. कानाच्या वरची कातडी अजून बधिर आहे, कंगवा फिरतो ते कळत नाही. काल पहाटे कळ आली तेव्हा बायकोला उठवलं. तिने शीटमध्ये लिहिलं: ४:१०, उजवा डोळा, दहापैकी तीन. मग चहा केला.