म्हशींनी राखलेलं रान

आरे म्हटलं की आपल्या पिढीला २०१९ची ती रात्र आठवते. मला मात्र ही गोष्ट म्हशींपासून सांगावीशी वाटते.

१९४०च्या दशकात मुंबईत भरवस्तीत म्हशींचे तबेले होते. शेणामुताची घाण आणि भेसळीचं दूध, दोन्हींनी शहर वैतागलं होतं. तबेले बाहेर हलवायचे म्हणून सरकारने १९४९ साली गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभारली. तिच्यामागे दारा खुरोडी होते. १९५१मध्ये नेहरूंनी उद्घाटन केलं, एक रोपही लावलं. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन होती. वारल्यांचे पाडे तिथे वसाहतीच्याही आधीपासूनचे.

पुढे भोवतीचं गोरेगाव, अंधेरी, पवई सिमेंटने भरून गेलं. आरे उरलं, कारण जमीन दुग्धव्यवसाय खात्याची होती. ती बिल्डरला थेट विकत घेता येत नव्हती. गवत वाढलं, झाडं वाढली, शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे ये-जा करत राहिले. रान राखायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. ते म्हशींच्या नावावर राखलं गेलं.

ज्या सरकारी मालकीने आरे वाचवलं, तिनेच ते उघडंही पाडलं. सरकारला काही बांधायचं असलं की स्वतःची जमीन सगळ्यात सोयीची. १९७७मध्ये चित्रनगरी आली. नंतर मेट्रो ३च्या कारशेडसाठी तीसेक हेक्टर लागले.

आरेला वन ठरवा, ही मागणी न्यायालयात टिकली नाही. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर परवानगीतल्या २,१८५ झाडांपैकी २,१४१ पडली होती.

मेट्रो नकोच, असं मी म्हणत नाही. २०२४पासून ती आरेहून धावतेय, लोकांची सोय झालीय. पण बिबट्या फिरतो त्या जागेला कागदावर 'दूध वसाहत' म्हटलं, की वाद झाडांच्या आकड्यावर येतो, रानाबद्दल कुणी बोलत नाही.

तुमच्याही शहरात अशी हिरवी जागा असेल: शेतकी कॉलेजची, रेल्वेची, बंद पडलेल्या गिरणीची. तिच्या कागदावर काय लिहिलंय, ते करवत येण्याआधी बघून ठेवा.