अंबराचा चेहरा

नगर शहरापासून सुमारे दहा मैलांवर असलेल्या भातवडीच्या तलावापाशी १६२४ साली जी लढाई झाली, तिच्यात मोगल आणि आदिलशाही या दोन फौजांना एकाच वेळी तोंड देऊन ज्याने निजामशाहीची डळमळती मसनद सावरली, ज्याच्या निशाणाखाली शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले, त्या मलिक अंबराचे नाव आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. परंतु तो दिसत कसा होता असे विचारले, तर डोळ्यांपुढे चेहरा येण्याऐवजी ‘हबशी’ हा एक शब्दच येतो. त्या शब्दाने झाकलेला चेहरा चित्रांतून शोधावा असे मला फार दिवस वाटत आले आहे, कारण चित्रकार जेव्हा परक्या माणसाचा वर्ण रंगवितो, तेव्हा बहुधा आपल्या धन्याचे मनही तो रंगवीत असतो.

अंबर मूळचा हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. मोखा, बगदाद असे बाजार पाहत तो गुलाम म्हणून दख्खनेत आला, आणि मुर्तजा निजामशहाचा पेशवा चंगेजखान, जो स्वतःही हबशीच होता, त्याने त्याला विकत घेतले. त्याचे म्हणून ओळखले जाणारे एक दख्खनी चित्र आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्यात गडद वर्णाचा एक प्रौढ सरदार तलम पांढऱ्या जाम्यात, तलवारीसह, स्वस्थपणे उभा आहे. त्याच्या काळेपणाला चित्रकाराने लपविलेले नाही आणि त्याचा गवगवाही केलेला नाही.

याउलट जहांगिराच्या पदरी असलेल्या अबुल हसनाने सुमारे १६१६ साली काढलेले चित्र, जे आता डब्लिन येथे आहे, पाहताना अंगावर शहारा येतो. भाल्याच्या टोकावर अंबराचे छिन्न मस्तक, तेथेच घुबड, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्या मस्तकावर बाण सोडणारा बादशहा! वस्तुस्थिती अशी की, अंबर जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही. रणांगणावर जे साधेना ते कुंचल्याने साधून घेतले गेले. चित्रावरील फारसी मजकुरात त्याच्या रात्रीसारख्या वर्णाचा उल्लेख आहे, आणि जहांगिराच्या आत्मवृत्तात तर तो वारंवार ‘काळतोंड्या’ म्हणूनच येतो. फारसीत काय किंवा आपल्या मराठीत काय, तोंड काळे होणे म्हणजे बेअब्रू होणे; वर्ण आणि कलंक या दोन अगदी भिन्न गोष्टी भाषेने अशा एका शब्दात बांधून टाकाव्यात, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही. त्याच दरबारातील हाशिम या चित्रकाराने मात्र अंबराची अत्यंत भारदस्त तसबीर काढली, ती लंडनला आहे. तिच्यात शत्रू नाही, माणूस आहे.

तिसरी दृष्टी एका डच व्यापाऱ्याची. पीटर व्हान डेन ब्रूक १६१७ साली अंबराला भेटला, आणि त्याच्या धिप्पाड देहाचे वर्णन करताना त्याने त्याचा चेहरा करारी रोमन माणसासारखा असल्याचे लिहून ठेवले. जेथे पराक्रम दिसला तेथे त्याला आपल्याच पुराणपुरुषाचा चेहरा दिसला! हाच प्रकार आज जपानी चलच्चित्रांच्या बाबतीत घडतो. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुका यांनी डिस्नेच्या चित्रांपासून स्फूर्ती घेऊन रूढ केलेले पात्रांचे ते विशाल डोळे पाहून पाश्चात्त्य प्रेक्षक विचारतो की, जपानी लोक स्वतःला गोरे का काढतात. जपानी प्रेक्षकाला मात्र ती आपलीच पोरे वाटतात. चार रेषांच्या चेहऱ्यात, जी खूण चित्रकाराने मुद्दाम घातलेली नसते, ती पाहणारा आपल्या घरून आणून भरतो.

निजामशाही वर्णावरून माणूस जोखण्याच्या दोषापासून मुक्त होती असे मात्र कोणी समजू नये. दख्खनी आणि गरीब, म्हणजे इराण-तुराणातून आलेले परदेशी, यांच्या वैरात नगर शहराने रक्ताचे सडे पाहिले, आणि त्या वैरात हबशी हे बहुधा दख्खन्यांच्या बाजूस असत. ब्रूकनेच लिहून ठेवलेली हकीकत अशी की, सुलतानाला दिलेल्या अंबराच्या कन्येस तिच्या इराणी सवतीने गुलाम काफरीण म्हणून हिणविले, आणि त्याची परिणती त्या बेगमेवर व खुद्द सुलतानावर विषप्रयोग होण्यात झाली. चित्रातल्या चेहऱ्यावर सूड घेणेही येथे नवे नव्हते. हुसेन निजामशहाच्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या सचित्र काव्याची जी प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, तिच्यात राजाशेजारी बसलेल्या राणी खुंझा हुमायूनची आकृती पुढे कोणी तरी पुसून टाकलेली दिसते.

रयतेची आठवण निराळी आहे. इजारदारी मोडून, जमिनीची प्रत पाहून सारा ठरविणारी जी जमाबंदी अंबराने बसविली, ती पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली, आणि गावच्या दफ्तरात ‘मलिकंबरी’ या शब्दाला रंग नव्हता. त्यात बिघे होते, पिके होती. १६२६ साली अंबर वारला, खुलदाबादेस त्याने स्वतःसाठी बांधवून ठेवलेल्या कबरीत त्याला ठेवले, आणि तेव्हा मोगलांचाच बखरकार मुतमदखान याने लिहिले की, युद्धात, हुकमतीत आणि राज्यकारभारात त्याला जोड नव्हती, आणि हबशी गुलाम एवढ्या पदाला पोहोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही. ‘काळतोंड्या’ गेला होता. ‘हबशी गुलाम’ मात्र त्या स्तुतीतही तसाच राहिला होता.