लिलावात घर विकले जाते. ताबा मिळतोच असे नाही

१/१६
थकलेल्या कर्जापोटी घराचा लिलाव होतो. बोली लागते, पैसे भरले जातात, विक्रीचा दाखला हाती पडतो. पण घरात अजून कोणीतरी राहते आहे. त्याला बाहेर कोणी काढायचे, कोणत्या अधिकाराने आणि कुठवर? सातारा-सांगली परिसरात या प्रश्नाला किमान दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/१६
पेशवाईत सावकार दुबळा नव्हता, पण त्याची साधने निराळी होती. तो तगादा लावी, ऋणकोच्या दारात धरणे धरून बसे, प्रकरण पंचायतीपुढे नेई. दबाव सारा माणसावर आणि त्याच्या अब्रूवर असे. घर-जमीन बोलीवर विकून कुळाला बाहेर काढणे हा वसुलीचा नित्याचा मार्ग नव्हता. ज्या गावात कर्ज दिले, त्याच गावात सावकारालाही राहायचे असे.

३/१६
१८४८ मध्ये सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांचे निधन झाले. दत्तकविधान नामंजूर करून कंपनी सरकारने राज्य खालसा केले. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुकेही येत. सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या संस्थानात होते. आजचा एक जिल्हा तेव्हा दोन अंमलांत विभागलेला होता. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

४/१६
१८५९ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता आली. हुकूमनामा, दरखास्त, जप्ती, लिलाव हा क्रम आता ठरून गेला. लिलावानंतरच्या ताब्याचे मात्र संहितेने दोन प्रकार केले. घरात खुद्द ऋणको किंवा त्याच्या वतीने कोणी असेल, तर गरज पडल्यास त्याला हटवून खरेदीदाराला प्रत्यक्ष ताबा द्यायचा.

५/१६
घरात हक्काने राहणारे कूळ असेल, तर त्याला हलवायचे नाही. विक्रीच्या दाखल्याची प्रत दर्शनी जागी चिकटवायची आणि मालक बदलल्याची दवंडी पिटायची. हा झाला प्रतीकात्मक ताबा. मालक बदलला, चूल तीच राहिली. ‘घरात कोण आहे’ हे ठरल्याशिवाय ‘बाहेर कोण जाणार’ हे ठरत नाही, हे तत्त्व तेव्हापासूनचे.

६/१६
कागदावरचा हा नियम गावात कसा उतरला? डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातील करडे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे १५० रुपयांच्या कर्जापोटी घर खाली करून घेण्याचा हुकूमनामा मिळवला. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने देशमुखांचे घर पाडायला घेतले.

७/१६
कायद्याच्या दृष्टीने सावकाराची बाजू भक्कम होती. पण गावकऱ्यांच्या नजरेत ते एका घराण्याला भर गावात उघड्यावर आणणे होते. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून खरेदी बंद, त्यांच्या शेतात राबणे बंद. न्हाव्याने हजामत नाकारली, इतरांनी आपापली कामे सोडली. न्यायालयाचा हुकूम अमलात आणणारा बेलिफ एक दिवस येतो आणि जातो. शेजार मात्र रोजचा असतो.

८/१६
१२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी उद्रेक झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत तो पसरला. तीसहून अधिक गावे त्यात आली आणि ९५१ जणांना अटक झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातही एका गावात सावकाराचे घर लुटून कागदपत्रे नष्ट करण्यात आली. लोकांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर आणि खतावण्यांवर होता. घरावर येणारी जप्ती याच कागदांतून जन्म घेते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

९/१६
सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. केवळ पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही. स्थावर मिळकत स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल, तर तिची जप्ती आणि विक्रीही होणार नाही. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला.

१०/१६
म्हणजे तासगावच्या शेतकऱ्याचे गहाण नसलेले घर आता लिलावातून सुटले. पलीकडे सांगली संस्थानात मात्र हा ब्रिटिश कायदा आपोआप लागू नव्हता. कोसा-दोन कोसांच्या अंतरावर राहणाऱ्या दोन शेतकऱ्यांपैकी कोणाचे छप्पर कायद्याच्या आश्रयाखाली आहे, हे राज्याच्या सीमेवरून ठरू लागले.

११/१६
सावकारीनेही वाट शोधली. गहाणाऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचे आणि ‘पैसे फेडलेस की परत करीन’ हे फक्त तोंडी सांगायचे. विकणारा त्याच घरात राही, पण आता भाडेचिठ्ठी लिहून देऊन. व्याजाला भाडे हे नाव मिळाले. भाडे थकले की कालचा मालक भाडेकरू म्हणून बाहेर काढता येई. लिलावाची गरजच उरली नाही. पुढे दुरुस्ती करून, असे खरेदीखत मुळात गहाणखतच आहे का हे पाहण्याची मुभा न्यायालयांना द्यावी लागली.

१२/१६
दरम्यान प्रक्रिया संहितेतही एक लक्षणीय बदल घडत होता. १८७७ च्या संहितेने शेतकऱ्याच्या राहत्या घराच्या सामानाला, म्हणजे वासे, तुळया, दारे-खिडक्यांना, जप्तीतून वगळले. १९०८ च्या संहितेने कलम ६० मध्ये राहते घर, त्याची जागा आणि लगतची आवश्यक जमीनही वगळली. १९७६ मध्ये हे संरक्षण मजूर आणि घरगुती नोकर यांनाही मिळाले. आधी लाकूड वाचले, मग घर, मग घराच्या व्याख्येत बसणारी माणसे.

१३/१६
सातारा-सांगलीचा पुढचा अध्याय न्यायालयाबाहेर लिहिला गेला. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे चालवली. जमिनीचे, सावकारीचे आणि गहाणाचे तंटे त्यांच्यापुढे येत. वाळवा, कुंडल परिसरात कोणाची जमीन कोणाकडे राहावी, याचा निकाल गावकऱ्यांसमोर लागू लागला. इथे ब्रिटिश न्यायालयाचा शिक्का नव्हता. निकालामागे गावाची मान्यता आणि तुफान सेनेचे बळ होते.

१४/१६
स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कूळकायद्याने कुळाच्या राहत्या घराला स्वतंत्र संरक्षण दिले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला; संस्थानी मुलूखही त्यात आला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. एका जिल्ह्यातील दोन कायद्यांचे विश्व अखेर एक झाले.

१५/१६
२००२ च्या सरफेसी कायद्याने चक्र पुन्हा फिरवले. गहाण घर विकण्यासाठी बँकेला आता दिवाणी हुकूमनामा लागत नाही. ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. शेतजमीन यातून वगळलेली आहे. गहाण ठेवलेले राहते घर नाही. तरीही प्रत्यक्ष ताब्यासाठी अनेकदा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मागावा लागतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गहाणापूर्वीपासून वैध भाडेकराराने राहणाऱ्याला या वाटेने सरसकट हुसकावता येणार नाही. १८५९ चा प्रश्न नव्या कपड्यांत पुन्हा उभा राहिला : घरात कोण आहे?

१६/१६
खरेदीदाराची बाजूही खोटी नाही. त्याने उघड बोलीत पैसे मोजलेले असतात आणि ताब्याविना दाखला म्हणजे निव्वळ कागद. पण कुलूप स्वतः तोडण्याचा अधिकार त्याला संहितेने दिला नाही. ताबा देण्याचे काम तिने न्यायालयाकडेच ठेवले. करड्याचा हुकूमनामा दीडशे रुपयांचा होता. त्याच्या वसुलीत एक घर पाडायला घेतले गेले आणि गाव सावकाराला दुरावले. मालकी आणि ताबा यांच्यामध्ये कायद्याने ठेवलेले अंतर खरेदीदाराला त्रासाचे वाटते. ते का ठेवावे लागले, याचे उत्तर त्या घराच्या ढिगाऱ्यात आहे.