गर्भपरीक्षा आणि स्वमग्नांचे म्हणणे

राहनाळच्या गोदामांतल्या हमालांत आम्ही संघटनेचे काम केले. ज्याच्याविषयी करार व्हायचा तो माणूस बैठकीत हवा, एवढे तिथे शिकलो. गर्भपरीक्षेचा इतिहास वाचताना तेच आठवते.

१९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा देशातला पहिला कायदा केला. मुंबईतल्या स्त्रियांनी त्यासाठी झुंज दिली होती. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. लिंग पाहण्यास बंदी झाली. काही विकार शोधण्याची मुभा राहिली.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, गर्भात खात्रीने ओळखणारी परीक्षा आजही नाही. शेकडो जनुकांचा तो गुंता आहे. पण स्वमग्न माणसे आधीच बोलू लागली आहेत. १९९३ साली टोरोंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने आईबापांना बजावले: मूल स्वमग्न नसते तर बरे, असे तुम्ही म्हणता, तेव्हा आम्हीच नसतो तर बरे, असे आम्हांस ऐकू येते. सगळे स्वमग्न एकमताचे नाहीत, हेही खरे. आधी कळल्यास घर तयारीत राहील, असे काहींना वाटते. तयारी पाळण्याची की गर्भपाताची, असे दुसरे विचारतात. गर्भपाताचा निर्णय बाईचाच, याविषयी आम्हांस शंका नाही. प्रश्न यादीचा आहे.

१९९४च्या कायद्यातील विकारांच्या यादीत स्वमग्नतेचे नाव नाही. ती यादी वाढविण्याचा अधिकार मात्र केंद्रीय मंडळास आहे. त्यावर आनुवंशिकीतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि स्त्रीसंघटनांच्या प्रतिनिधींसाठी कायद्याने जागा ठेवल्या आहेत. स्वमग्नांसाठी एकही नाही.