एसक्यूएल : एक प्रमाणभाषा, अनेक बोली

माहिती ओळी आणि स्तंभ असलेल्या तक्त्यांत मांडून तिच्यावर गणिती क्रिया करता याव्यात, ही कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली आणि त्याच कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची जी भाषा सादर केली, तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. आयबीएमचे हे संशोधन निबंधरूपाने प्रसिद्ध होत असल्यामुळे पुढे ओरॅकल या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने 1979 मध्येच स्वतःचा डेटाबेस विक्रीस आणला; आयबीएमचे पहिले विक्रीयोग्य उत्पादन त्यानंतर दोन वर्षांनी आले. अमेरिकेच्या अन्सी या मानकसंस्थेने एसक्यूएलचे पहिले मानक 1986 मध्ये संमत केले, तेव्हा बाजारातील बोली रुळून गेल्या होत्या, आणि आजच्या विसंगतींचे मूळ बऱ्याच अंशी या उलट्या क्रमातच आहे.

बाह्य जोड, म्हणजे दुसऱ्या तक्त्यात जुळणारी नोंद नसली तरी पहिल्या तक्त्यातील ओळ राखणारी क्रिया, पहिल्या मानकात नव्हती. त्यामुळे ओरॅकलने त्यासाठी कंसातील अधिकचिन्ह वापरले, सायबेस या दुसऱ्या डेटाबेस कंपनीने तारांकनासह बरोबरचे चिन्ह, आणि मानकाने 1992 मध्ये 'लेफ्ट जॉइन' ही रचना दिल्यावरही ओरॅकलने ती 2001 च्या सुमारास, नवव्या आवृत्तीत स्वीकारली.

चिन्हांतील असे भेद निदान डोळ्यांना दिसतात. अर्थातील भेद अधिक घातक ठरतात. मानकाप्रमाणे रिकामी अक्षरमाला हे एक ज्ञात मूल्य आहे, तर 'नल' हे मूल्याच्या अभावाचे चिन्ह. ओरॅकल मात्र रिकाम्या अक्षरमालेलाच नल मानते. परिणामी मधले नाव रिकामे असलेल्या व्यक्ती शोधण्यासाठी त्या स्तंभाची रिकाम्या अक्षरमालेशी बरोबरी तपासणारी क्वेरी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत अपेक्षित ओळी देते आणि ओरॅकलमध्ये, नलशी केलेली कोणतीही बरोबरी सत्य ठरत नसल्यामुळे, कोणतीही त्रुटी न दाखवता एकही ओळ देत नाही.

मानकपालनाची तपासणी एके काळी खरोखर होत असे. सरकारी खरेदीसाठी अमेरिकेची निस्ट ही संस्था चाचण्या घेऊन प्रमाणपत्रे देई, परंतु 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ती व्यवस्था बंद पडली आणि पालन हा विक्रेत्याच्या स्वतःच्या निवेदनाचा विषय उरला. हा निर्णय दुर्दैवी होता, कारण मानक लिहिणाऱ्या समित्यांत विक्रेत्यांचेच प्रतिनिधी मोठ्या संख्येने बसत असताना त्रयस्थ परीक्षक तेवढा एकच होता. मानक बाजारामागून येण्याचा क्रमही चालूच राहिला: उत्तरातील पहिल्या ठरावीक ओळीच मागण्याची मानक रचना 2008 मध्ये आली, तोवर मायएसक्यूएलचे 'लिमिट' आणि मायक्रोसॉफ्टचे 'टॉप' सर्वत्र पसरले होते.

मानकनिष्ठ म्हणून नावाजलेल्या पोस्टग्रेएसक्यूएलच्या अधिकृत दस्तऐवजात एसक्यूएल:2023 या मानकाच्या आवृत्तीच्या गाभ्यातील 177 अनिवार्य वैशिष्ट्यांपैकी किमान 170 पाळल्याचे नमूद आहे, आणि संपूर्ण गाभा पाळल्याचा दावा कोणतीही डेटाबेस प्रणाली करत नाही, हेही तेथेच नोंदवलेले आहे.