अग्निपिंडशोथ, बालकांतील : अल्पछेद उपचारांचा इतिहास

अग्निपिंडाच्या (स्वादुपिंडाच्या) दाहयुक्त सुजेस अग्निपिंडशोथ म्हणतात. या विकारात ग्रंथीतील पाचक रस आतड्यात पोहोचण्यापूर्वीच क्रियाशील होऊन ग्रंथीच्याच ऊतकाचा (समान पेशींच्या समूहाचा) नाश करतात. पोटावरील आघात (उदा., सायकलच्या मुठीचा मार), पित्ताश्मरी, काही औषधे व आनुवंशिक दोष ही बालकांतील प्रमुख कारणे होत. पाझरलेला रस बहुधा जठरामागे साचतो व त्याभोवती तंतुमय भित्ती बनते. तीस आभासी पुटी म्हणतात. पुटी वाढल्यास वेदना, वांत्या, संसर्ग व रक्तस्राव संभवतात.

कार्ल गुसेनबावर यांनी १८८३ मध्ये पुटी उघडून तिच्या कडा पोटाच्या त्वचेस शिवण्याची पद्धत वर्णिली. तीव्र विकाराचे पद्धतशीर वर्णन करणारे बॉस्टनचे रेजिनल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्येच आरंभीच्या अवस्थेतील शस्त्रक्रिया धोक्याची ठरविली होती. विसाव्या शतकात पोट उघडून पुटी जठरास जोडण्याची क्रिया रूढ झाली. अंतर्दर्शकाच्या साहाय्याने जठरातूनच पुटीतील द्रव काढल्याचा वृत्तांत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९२ पासून श्राव्यातीत ध्वनीच्या मार्गदर्शनाने असा निचरा करणे शक्य झाले. महाराष्ट्रात तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उदरदर्शकाद्वारे पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदर्लंड्समधील ८८ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत टप्प्याटप्प्याच्या उपचारगटातील ३५ टक्के रुग्णांना केवळ नळीने केलेला निचरा पुरेसा ठरला.

बालकांविषयीचा अनुभव याहून मर्यादित आहे. जठर लहान व भित्ती पातळ असल्याने प्रौढांसाठी घडविलेली उपकरणे जपून वापरावी लागतात. ग्रंथीचा अधिक भाग गमावल्यास मधुमेह व अपचन आयुष्यभर राहू शकतात. म्हणून ऊतक राखणे येथे विशेष महत्त्वाचे असते.

बालकांतील अनेक पुट्या आपोआप विरतात. इतरांची भित्ती पक्की होण्यास सामान्यतः चार आठवडे लागतात. या काळात शिरेवाटे द्रव, वेदनाशमन, पोषण व वारंवार तपासणी हाच मुख्य उपचार होय. कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी या गोष्टीस मोठा अर्थ आहे. तेथील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (संस्थानकाळातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय) आसपासच्या तालुक्यांतील रुग्णांचा आधार आहे. सतत पोट दुखणाऱ्या बालकाच्या रोगाचे निदान घराजवळच वेळीच झाल्यास, निचऱ्याची गरज पडल्यावर त्याला योग्य वेळी सुसज्ज केंद्रात नेता येते. उशीर झाल्यास मात्र संसर्ग वा रक्तस्राव यांमुळे प्राण वाचविण्यासाठी मोठा छेद घेण्याची वेळ येऊ शकते.